लाइटरूमचे पैसे आत्ताच भरावेत का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: ऐरोलीत राहणाऱ्या आणि एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करणाऱ्या ४१ वर्षांच्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी निकॉनचा वापरलेला डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स घेतली, ती मुख्यतः खाडीवरचे फ्लेमिंगो टिपण्यासाठी. रविवारी सकाळी त्या छायाचित्रकारांच्या एका स्थानिक गटाबरोबर बाहेर पडतात. गटातल्या इतरांचे फोटो झळाळतात आणि आपले मात्र धुरकट दिसतात, याचे कारण आपल्याकडे चांगले सॉफ्टवेअर नाही, असे त्यांना वाटते. गटातले एक ज्येष्ठ सदस्य सांगतात की लाइटरूमशिवाय, म्हणजे अडोबी कंपनीच्या फोटो सुधारण्याच्या वर्गणीवरच्या सॉफ्टवेअरशिवाय, गत्यंतर नाही. यजमानांचे म्हणणे असे की मोबाइलवर हे सगळे फुकट होते. भाच्याने तर त्यांच्या पाच वर्षांच्या, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर फोटोशॉपची ‘क्रॅक’ प्रत टाकूनही दिली आहे. पुढच्या महिन्यात ठाण्यात चुलत बहिणीच्या मुलीचा साखरपुडा आहे आणि तिथले फोटो काढण्याचे त्यांनी कबूल केले आहे. त्या लिहितात: “मोफतचे सॉफ्टवेअर शिकण्यात सहा महिने घालवले आणि शेवटी विकतचेच घ्यावे लागले, तर ती मेहनत वाया जाईल. विकतचे घेतले आणि छंद बारगळला, तर पैसे वाया जातील. मुलाच्या क्लासची फी भरताना हात आखडतो आणि माझ्या हौसेसाठी दरमहा पैसे भरायचे, हेही मनाला पटत नाही. मी काय करावे?”

उत्तर:

तुम्हाला सल्ला देणारे तिघेही तुमच्या हिताचेच बोलत आहेत, परंतु तिघांच्या डोळ्यांसमोर तीन निरनिराळे प्रश्न आहेत. ज्येष्ठ सदस्य स्वतःच्या कामाच्या गरजेबद्दल सांगतात, यजमान फोनच्या पडद्यावर बऱ्या दिसणाऱ्या फोटोबद्दल बोलतात आणि भाच्याने केवळ किंमत पाहिली आहे. तुमचे फोटो कुठे जाणार आहेत, एका वेळी किती जाणार आहेत आणि सध्या त्यांच्यात नेमके काय बिघडते आहे, हे तिघांपैकी कोणी विचारलेले दिसत नाही. मोफत की विकत, याचे उत्तर या तीन गोष्टींवरून ठरते. त्याआधी भाच्याने दिलेल्या प्रतीचा निकाल लावला पाहिजे, कारण ती बाब थांबण्यासारखी नाही.

क्रॅक केलेली प्रत काढून टाका, आणि आजच काढा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाच्या, कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. घरातल्या लॅपटॉपपर्यंत पोलीस येतील अशी भीती घालण्याचा माझा हेतू नाही. माझी खरी काळजी वेगळी आहे. क्रॅक चालवण्यासाठी बहुधा आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरवण्याचा तो एक जुना, रुळलेला मार्ग आहे. तुम्ही हिशेब विभागात आहात. त्याच लॅपटॉपवर तुमचे नेट बँकिंग, आयकराचे लॉगिन आणि कदाचित घरी आणलेले कंपनीचे कामही असेल. तेव्हा नुसते ‘अनइन्स्टॉल’ करून थांबू नका. फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या, विंडोज नव्याने बसवून घ्या आणि महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून बदला. विंडोज बसवण्याचे काम भाच्यालाच सांगा. मुलगा हुशार आहे, फक्त हुशारी जरा बरी वापरू द्या.

आता तुमच्या फोटोंकडे वळू. गटातले फोटो सॉफ्टवेअरमुळे झळाळतात, हे तुम्ही गृहीत धरले आहे आणि तिथेच मला शंका आहे. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो साधारणपणे नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते तिथे चरतात, आणि भरती आली की पाणथळ जागांकडे सरकतात, जसे नेरूळ-सीवूड्सच्या बाजूचा डीपीएस तलाव किंवा टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळचा भाग. म्हणजे पक्षी तुमच्यापासून किती अंतरावर असेल हे आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक ठरवते. ऐरोलीचा किनारा खाडीच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी तुम्ही पश्चिमेकडे, म्हणजे मुलुंड-भांडुपच्या दिशेला, कॅमेरा धरता तेव्हा ऊन पाठीमागून येते आणि पक्ष्याचा रंग खुलतो. दुपारनंतर त्याच जागेवरून प्रकाश समोरून येतो आणि तोच पक्षी काळपट दिसतो. ऊन चढले की तापलेल्या चिखलावरची हवा हलू लागते. अशा हवेतून लांबवर ३०० मिलिमीटरने घेतलेला फोटो जो विरघळल्यासारखा दिसतो, तो जगातल्या कोणत्याही सॉफ्टवेअरने टवटवीत होत नाही. ज्येष्ठ सदस्यांचे फोटो चांगले येत असतील तर त्यांना आधी एवढे विचारा की ते कोणत्या भरतीला, किती वाजता आणि कुठून उभे राहून फोटो काढतात. लाइटरूमचा विषय त्यानंतर काढा.

तुम्ही लिहिलेले नाही, पण ‘धुरकट’ या वर्णनावरून माझा अंदाज आहे की तुमचा कॅमेरा अजून जेपेगवरच असावा. तसे असेल तर पहिला बदल कॅमेऱ्याच्या मेनूत करायचा आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ नोंद, काढायला सुरुवात करा. निकॉनमध्ये तिचे नाव एनईएफ असते. तुमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर रॉ ही खतावणी आहे आणि जेपेग हा ताळेबंद. ताळेबंदावरून खतावणी पुन्हा उभी करता येत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ मिळतात. सकाळच्या धुक्यातल्या करड्या, एकसारख्या दृश्याला थोडा उठाव द्यायचा असतो, तेव्हा या जास्तीच्या पायऱ्या कामाला येतात. जेपेगला तेवढेच ताणले की आकाशात पट्टे उमटतात. शिवाय व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचा रंगांचा मेळ, चुकला असेल तर रॉमध्ये तो नंतर निवांतपणे बदलता येतो. सुरुवातीचे काही दिवस ‘रॉ + जेपेग’ अशी दोन्ही ठेवा, म्हणजे घरी फोटो लगेच दाखवताही येतील. कार्ड लवकर भरेल, एवढेच.

फ्लेमिंगोच्या बाबतीत आणखी एक सूचना, कारण ती फारशी कोणी देत नाही. गुलाबी पिसांवर ऊन पडले की लाल रंगाची नोंद इतरांच्या आधी काठोकाठ भरते आणि पिसांचे बारकावे सपाट होऊन जातात. कॅमेऱ्यातला साधा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, त्या वेळी सगळे ठीक असल्याचे दाखवत असतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा, आणि लाल उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, थोडे कमी करा. रॉमधून अंधारा भाग बराच वर काढता येतो, जळून गेलेले पीस मात्र परत येत नाही.

हे झाल्यावर सॉफ्टवेअरचा प्रश्न बराच लहान होतो. बाजारातली सॉफ्टवेअर ढोबळमानाने दोन कामांसाठी असतात आणि नवख्या माणसाची अर्धी गल्लत ती एकाच रांगेत उभी केल्यामुळे होते. पहिले काम म्हणजे शेकडो फोटो उतरवणे, निवडणे, रॉ उघडणे, उजेड आणि रंग नीट करणे, कापणे आणि बाहेर काढणे. लाइटरूम, कॅप्चर वन, डीएक्सओ फोटोलॅब, तसेच मोफत मिळणारी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही त्या कामाची. दुसरे काम म्हणजे एकाच फोटोवर बसून, थर रचून, नको ती वस्तू काढणे, दोन फोटो जोडणे, अक्षरे टाकणे. फोटोशॉप, गिम्प, अफिनिटी आणि ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी ही त्या कामाची. तुम्हाला आज पहिल्याची गरज आहे. भाच्याने दुसऱ्यातले आणून दिले होते, म्हणजे कायदेशीर असते तरी ते तुमच्या उपयोगाचे फारसे नव्हते.

पहिल्या कामासाठी माझा सल्ला साधा आहे. तुमचा कॅमेरा निकॉनचा आहे, तर निकॉनचेच एनएक्स स्टुडिओ उतरवून घ्या. ते २०२१ मध्ये आले आणि मोफत आहे. कॅनन वापरणाऱ्या वाचकांसाठी डिजिटल फोटो प्रोफेशनल आहे आणि सोनीवाल्यांसाठी इमेजिंग एज डेस्कटॉप. तीही मोफतच. आश्चर्य असे की गटांमधल्या वादात यांची नावे क्वचितच ऐकू येतात. कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचा नवशिक्याला मोठा फायदा असा की कॅमेऱ्यात निवडलेले रंगांचे धोरण त्याला कळते, त्यामुळे रॉ उघडल्यावर फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला होता तसाच दिसतो. तीच फाइल डार्कटेबलमध्ये उघडली तर ती आधी मलूल दिसते. त्यात बिघाड काही नसतो, निर्णय तुमच्यावर सोडलेले असतात, एवढेच. पण नव्या माणसाचा उत्साह तिथेच मावळतो आणि मोफतचे ते शेवटी मोफतचेच, असा शेरा मारून तो मोकळा होतो. एनएक्स स्टुडिओत फोटोंना तारे देता येतात, एका फोटोवर केलेले बदल इतरांवर चिकटवता येतात आणि फोटोच्या ठरावीक भागावरच बदल करण्यासाठी ‘कंट्रोल पॉइंट’ही आहेत. तुमच्या लॅपटॉपवर ते संथ चालेल, पण चालेल. बदलांची नोंद ते फोटोंच्या शेजारी ‘एनकेएससी पॅराम’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. अनोळखी फोल्डर दिसला म्हणून तो हटवू नका, नाहीतर मूळ फोटो राहतील आणि केलेले काम जाईल.

एनएक्स स्टुडिओ तोकडे वाटू लागले की मग डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे जा. डार्कटेबलची पहिली आवृत्ती २००९ ची आहे. जगभरातले स्वयंसेवक ते चालवतात आणि वर्षातून साधारण दोनदा नवी आवृत्ती येते. ते सोपे आहे असे मी म्हणणार नाही. त्यात मॉड्यूल, म्हणजे एकेका कामाची साधने, इतकी आहेत की पहिल्या दिवशी माणूस गांगरतो. एक्सपोजर, रंगांचे कॅलिब्रेशन, लेन्स दुरुस्ती, कॅमेऱ्यानुसार नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) कमी करणारे मॉड्यूल आणि क्रॉप एवढ्यावरच सुरुवातीचे दोन महिने काढावेत. बाकीच्यांना हात लावू नये. रॉथेरपी त्या मानाने सरळ आहे. फोल्डर उघडा आणि काम करा. गिम्पचे काम १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केले आणि मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. पण ते रॉ फाइल स्वतः उघडत नाही, ती आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवते. म्हणून गिम्पला ‘मोफत लाइटरूम’ समजून उघडणारे निराश होतात.

मोफतमध्येही दोन तऱ्हा आहेत, आणि तुम्हाला ‘मेहनत वाया जाईल’ ही भीती असल्यामुळे हे सांगणे भाग आहे. गिम्प आणि डार्कटेबल यांचा परवानाच असा आहे की ते उद्या कोणाला कुलुपात ठेवता येणार नाहीत. अफिनिटीचे तसे नाही. ते आधी एकदाच पैसे भरून मिळत असे. २०२४ मध्ये ऑनलाइन डिझाइनच्या कॅनव्हा कंपनीने अफिनिटी बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अफिनिटी मोफत झाले, फक्त कॅनव्हाचे खाते लागते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत. सॉफ्टवेअर दमदार आहे आणि ते वापरून पाहायला माझी काहीच हरकत नाही. फक्त ते एका कंपनीच्या आजच्या धोरणामुळे मोफत आहे, हे लक्षात असू द्यावे. कॅमेरा कंपन्यांची सॉफ्टवेअरही याच तऱ्हेत मोडतात.

राहिला मेहनतीचा प्रश्न. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, कर्व्ह, मास्क, शार्पनिंग या कल्पना सगळीकडे त्याच आहेत. बटणे बदलतात, नजर बदलत नाही. सावली किती उचलायची आणि कुठे थांबायचे हे एनएक्स स्टुडिओत शिकलेली बाई लाइटरूममध्ये आठवड्याभरात रुळते. जे खरोखर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जात नाही ते म्हणजे तुम्ही केलेले बदल. एनएक्स स्टुडिओतले बदल लाइटरूमला वाचता येत नाहीत आणि लाइटरूमचे बदल इतरत्र, फार तर अर्धेमुर्धे, उतरतात. त्यावर उपाय सोपा आहे. मूळ एनईएफ फाइल कधीही पुसू नका, आणि जो फोटो खरोखर मनासारखा झाला असेल त्याची १६ बिटची टिफ प्रत काढून ठेवा. ती कुठेही उघडते. फोल्डरांना तारखेने नावे द्या, वर्ष आधी आणि दिवस शेवटी, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागतात. सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असू द्या. ही शिस्त असेल तर सॉफ्टवेअर तीनदा बदलले तरी तुमचे फारसे काही जाणार नाही.

मग लोक लाइटरूमचे पैसे का भरतात? त्यांना काही कळत नाही म्हणून नक्कीच नाही. ज्येष्ठ सदस्य एका कार्यातून हजारभर फोटो आणत असतील आणि चार दिवसांत द्यायचे असतील, तर त्यांच्यासाठी तो खर्च रास्त आहे. लाइटरूममध्ये पक्षी किंवा माणूस एका टिचकीत वेगळा निवडला जातो. २०२३ पासून त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे नॉइज कमी करण्याचे साधन आहे, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवून काढलेल्या पक्ष्यांच्या फोटोंना त्याचा खरोखर उपयोग होतो. या एका बाबतीत मोफतची साधने मागे पडतात, असे माझे मत आहे. मराठी आणि हिंदीत शिकवणारे व्हिडिओही लाइटरूम-फोटोशॉपचेच अधिक मिळतात, आणि एकट्याने शिकणाऱ्याला ही लहान सोय नव्हे. परंतु तेच नॉइज कमी करण्याचे साधन चांगले ग्राफिक कार्ड मागते. तुमच्या लॅपटॉपवर एकेका फोटोला ते इतका वेळ घेईल की तुम्ही ते वापरणे सोडून द्याल. म्हणजे आज लाइटरूम घेतले तर त्यातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टीसाठी पुढे लॅपटॉपही घ्यावा लागेल. हा दुसरा खर्च ज्येष्ठ सदस्यांच्या सल्ल्यात धरलेला नाही.

दरमहा भाडे नको असेल तर एकदाच पैसे भरण्याचे पर्याय अजून आहेत. डीएक्सओ फोटोलॅब तसे मिळते, कॅप्चर वनही. मात्र किंमत चांगलीच असते आणि पुढच्या आवृत्तीचे पैसे पुन्हा वेगळे. लाइटरूमची तशी शेवटची आवृत्ती २०१५ ची सहावी. त्यानंतर ते केवळ वर्गणीवरच मिळते.

आता मुलाच्या फीबद्दल. तुम्ही छंदाचा खर्च फीच्या शेजारी ठेवलात, आणि तशी तुलना केली की छंद दर वेळी हरणारच. घरातला दुसरा कोणता खर्च त्या तराजूत घातला जातो, याचा एकदा विचार करा. यजमानांचा क्रिकेट पाहण्याचा चॅनेल घातला जातो का? आठवडाभर हिशेब सांभाळून रविवारी पहाटे खाडीवर जाणाऱ्या बाईने त्या दोन तासांसाठी काही रक्कम बाजूला काढली, तर त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. सध्या पैसे भरू नका असे मी सांगतो आहे, त्याचे कारण तुम्हाला त्या पैशातून अजून काही मिळणार नाही, इतकेच आहे. तुम्ही त्या खर्चाला पात्र नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका. उलट खर्च करायचाच असेल तर आधी बाहेरची चांगली हार्ड डिस्क घ्या. पुढे रॅम वाढवता येत असेल तर ती वाढवा. आणि निवडक फोटोंचे ८ × १२ इंचाचे प्रिंट काढून घ्या. लॅपटॉपचा पडदा फार उजळ ठेवला असेल किंवा रात्री पिवळा होणारा प्रकाश चालू राहिला असेल, तर फोटो कितीही मनापासून सुधारला तरी प्रिंट अंधारा किंवा निळसर येतो. एका प्रिंटमध्ये ते कळते. यजमानांनाही तो प्रिंट दाखवा. ते म्हणतात त्यात तथ्य आहेच, मोबाइलवर पाठवायच्या फोटोला स्नॅपसीड पुरेसे आहे. फरक कागदावर आणि मोठ्या पडद्यावर दिसतो.

साखरपुड्याला एकच महिना आहे, तेव्हा त्यासाठी नवे, अवघड सॉफ्टवेअर शिकायला घेऊ नका. एनएक्स स्टुडिओ पुरेल. ठाण्यातल्या हॉलमध्ये पिवळे झुंबर, पांढरे एलईडी आणि स्टेजमागचे गुलाबी-जांभळे दिवे असे तिन्ही एकत्र असतात, आणि चेहऱ्यांचे रंग तिथेच बिघडतात. विधी सुरू होण्याआधी स्टेजवर कोणाला तरी पांढरा रुमाल हातात धरून उभे करा आणि एक रॉ फोटो घ्या. घरी त्या रुमालावरून व्हाइट बॅलन्स ठरवा आणि तोच बदल स्टेजवरच्या सगळ्या फोटोंवर चिकटवा. दिवे मध्येच बदलले तर रुमालाचा फोटो पुन्हा घ्यावा लागेल. घरी आल्यावर आधी फोटो निवडा, मग सुधारा. सगळेच सुधारायला बसलात तर लग्नाची पत्रिका येईपर्यंत साखरपुड्याचे फोटो पूर्ण होणार नाहीत. कुटुंबीयांना द्यायच्या जेपेग एसआरजीबी, म्हणजे बहुतेक पडद्यांना कळणाऱ्या, रंगांत काढा, आणि अल्बम करायचा असेल तर लॅबला किंवा डिझायनरला काय हवे ते आधीच विचारा. पानांची रचना तो त्याच्या फोटोशॉपमध्ये करतो. ते काम तुमचे नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या, पण परिस्थिती वेगळी असलेल्या काही वाचकांसाठी दोन शब्द. ज्यांना स्टुडिओत किंवा अल्बम डिझायनिंगमध्ये नोकरी शोधायची आहे त्यांनी मोफत-विकतच्या वादात न पडता फोटोशॉप शिकावे. त्या धंद्यात पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइलच फिरते, आणि विद्यार्थ्यांसाठी सवलतीचे दरही असतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही बसवण्याची परवानगी नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच चालते आणि पीएसडीही उघडते, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. घरातल्या जुन्या, डाग पडलेल्या फोटोंची डागडुजी करायची असेल तर गिम्प त्या कामाला पुरेसे आहे.

आता पैसे कधी भरायचे? मे महिन्यात फ्लेमिंगोंचा हंगाम संपेपर्यंत एनएक्स स्टुडिओवर काम करा, आणि जिथे अडाल ती अडचण वहीत एका वाक्यात लिहून ठेवा. “गटातल्या सगळ्यांकडे आहे” हे वाक्य त्यात धरायचे नाही. “फोटो हवे तसे येत नाहीत” हेही नाही, कारण त्यावर उपाय कदाचित भरतीच्या वेळापत्रकात असेल. “आयएसओ ३२०० च्या पुढे पिसांचे पोत राहत नाहीत आणि डार्कटेबलनेही ते साधत नाही”, किंवा “एका कार्याचे सहाशे फोटो निवडायला मला दोन आठवडे लागतात”, अशी वाक्ये पुन्हा पुन्हा येऊ लागली तर पैसे कशाचे भरायचे हे तुम्हाला कळले आहे. मग खुशाल भरा.

भरताना चार गोष्टी पाहा. आधी सात दिवसांची चाचणी प्रत घ्या, आणि ती खऱ्या कामाच्या आठवड्यातच सुरू करा. वर्गणी ‘वार्षिक, पण हप्ता दरमहा’ आहे की खरोखर महिन्याची, हे नीट वाचा. पहिल्या प्रकारात १४ दिवसांनंतर मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचा निम्मा भाग आकारण्याची अट अडोबी ठेवत आली आहे, आणि हे शुल्क ग्राहकांपासून झाकून ठेवल्याच्या आरोपावरून, फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनंतर, अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये त्या कंपनीवर खटला भरला. खरी मासिक योजना महाग दिसते, पण हंगामापुरती हवी असेल तर तीच स्वस्त पडते. वर्गणी थांबवली तरी लाइटरूम क्लासिकमधले, म्हणजे त्याच्या संगणकावरच्या आवृत्तीतले, फोटो तुमच्याच डिस्कवर राहतात आणि पाहता व बाहेर काढता येतात, मात्र फोटो सुधारण्याचा डेव्हलप विभाग बंद होतो. कार्डावरच्या आपोआप कपातीची सूचना बँकेने किमान २४ तास आधी द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि १५ हजारांपर्यंतच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून तो संदेश न वाचता पुसू नका आणि नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. गटातल्या कोणी आपल्या खात्यात वाटेकरी होण्याचे सुचवले तर नकार द्या. परवाना एका व्यक्तीचा असतो, तो दोन यंत्रांवर चालतो तो त्याच व्यक्तीच्या, आणि खाते दुसऱ्याच्या नावावर असले की वर्गणी कधी बंद करायची हेही त्याच्याच हातात राहते.